एका नोंदीत चौघांचे हात

माणूस निवृत्त झाला की त्याचा समाज त्याला शोधत घरी येतो. रुपराव बारापात्रे हिंगण्याच्या एका कारखान्यातून स्टोअर-इनचार्ज म्हणून निवृत्त झाले आणि सत्काराच्या शालीची घडी मोडायच्या आत विणकर समाज मंडळाचे अध्यक्ष अर्ध्या कार्यकारिणीसह नागपूरच्या तांडापेठेतल्या त्यांच्या सोफ्यावर येऊन बसले. उरलेली अर्धी कार्यकारिणी सोफ्याच्या हातांवर बसली.

"रुपरावजी, तुमी कारखान्यात कम्प्युटर चालवत होते म्हणते," अध्यक्ष म्हणाले.

हे ऐकून रुपरावांना वाईट वाटलं. कम्प्युटर काय, कुणीही चालवतो. रुपरावांनी नट, बोल्ट, बेअरिंग आणि ग्रीसच्या डब्यांचा अख्खा साठा कम्प्युटरवर उभा केला होता, आणि कुठल्या फळीवर कुठला वॉशर आहे हे ते घरी जेवताना सांगू शकत. हा फरक त्यांनी समजावायला घेतला. पण तेवढ्यात गोपिकाबाईंनी तर्री-पोहे आणले. तर्री संपली तेव्हा रुपराव मंडळाचे 'संगणक प्रमुख' झालेले होते. ठरावाला अनुमोदन कुणी दिलं ते त्यांना अजूनही माहीत नाही.

काम तसं लहान होतं. जानेवारीत मंडळाचा वधू-वर परिचय मेळावा असायचा. आतापर्यंत मुला-मुलींची माहिती फायलींमध्ये असे, आणि फायली ज्याच्या घरी असत तो नेमका गावाला गेलेला असे. आता सगळी माहिती एकाच जागी, कम्प्युटरवर ठेवायची होती. प्रत्येक मुलामुलीची एक नोंद. समाज भवनातून, उमरेड शाखेतून, सावनेर शाखेतून, पदाधिकाऱ्यांच्या घरून, ज्याला जिथून जमेल त्यानं ती उघडावी, भरावी, दुरुस्त करावी.

रुपरावांनी दिवाळीचा फराळ एका हातानं खात दुसऱ्या हातानं ते उभं केलं. मनात हिशेब सोपा होता. बेअरिंग काय आणि नवरदेव काय. वर्णन, माप, कुठं उपलब्ध, कुणाची मागणी. नमुन्यादाखल पहिली नोंद त्यांनी आपल्या मुलीची, हर्षाची केली. हर्षा सावनेर तालुक्यात गुरांची सरकारी डॉक्टर होती.

"बाबा, मी काय बेअरिंग आहे का?" पडद्यावर स्वतःचं माप पाहून ती म्हणाली.

"नाही वं बेटा. पण तुझी मागणी त्याच्यापेक्षा जास्त राहीन," रुपराव म्हणाले. आपण लाडानं बोललो असं त्यांना वाटलं. हर्षा बुटांवरचं शेण झटकायला अंगणात निघून गेली.

पहिली कुरबूर झाली ती हर्षाच्याच नोंदीवरून. रुपरावांनी तिच्या नोकरीपुढे 'पशुधन विकास अधिकारी, वर्ग एक' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तर नुसतंच 'डॉक्टर'. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा 'डॉक्टर'. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा ते जागच्या जागी राहिलं, पण हर्षाचा फोटो गेला.

"कोणीतरी मुद्दाम करून राहिलं," रुपराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे पुष्पलताबाई उभ्या राहिल्या.

पुष्पलताबाई महिला आघाडीच्या अध्यक्ष. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांची लाल शाई निवृत्त झाली नव्हती. लग्नपत्रिका हाती आली तरी त्या आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासत आणि मग कुणाचं लग्न आहे ते पाहत. समाजातली एकूणएक नोंद उघडून त्या सुधारत होत्या, आणि 'पशुधन' हा शब्द मुलीच्या नावाखाली शोभत नाही असं त्यांचं ठाम मत होतं.

पण मुद्दाम कुणीच काही करत नव्हतं. एकाच कागदाच्या दोन झेरॉक्स दोघांनी घरी नेल्या, दोघांनी आपापल्या झेरॉक्सवर दुरुस्त्या केल्या आणि ज्यानं आपली नंतर आणून दिली त्याचीच फायलीत राहिली, तर पहिल्याच्या मेहनतीचं काय होईल? कम्प्युटरमध्ये तेच होत होतं. दोघं एकच नोंद एकाच वेळी उघडत. मागून जतन करणाऱ्याच्या पडद्यावर जे असेल ते सगळंच्या सगळं आधीच्याच्या लिहिण्यावर जाऊन बसे. कारखान्यात हे कधी घडलं नव्हतं, कारण तिथं रुपरावांशिवाय कम्प्युटरला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

हे सगळं त्यांच्या लक्षात आलं ते पियुषच्या साक्षगंधात.

पियुष पुष्पलताबाईंचा भाचा, सावनेरजवळच्या कोळसा खाणीत इंजिनीअर. त्याचं उमरेडच्या मेघाशी जमलं. पुष्पलताबाईंनी मोठ्या अभिमानानं समाज भवनात बसून त्याच्या नोंदीवर 'लग्न ठरले' अशी खूण केली. नेमक्या त्याच वेळी रुपरावांनी घरी तीच नोंद उघडून ठेवली होती, कारण कुणीतरी पियुषची उंची एकोणसाठ फूट लिहिली होती. मध्ये चहा आला. रुपरावांनी चहा पिऊन उंची पाच फूट नऊ इंच केली आणि जतन केलं. त्यांच्या पडद्यावरच्या जुन्या नोंदीत 'लग्न ठरले' नव्हतंच. अशा रीतीनं पियुष पुन्हा बाजारात आला, आणि या खेपेला योग्य उंचीचा.

सावनेरच्या हॉलमध्ये साक्षगंध रंगात आलं होतं. रुपराव सपत्नीक आमंत्रित होते आणि गुलाबजामाच्या टेबलाजवळची खुर्ची धरून बसले होते. तेवढ्यात पियुषच्या घराला कुलूप पाहून विचारत-विचारत आलेलं काटोलचं एक कुटुंब संत्र्यांची टोपली घेऊन आत शिरलं. आई, वडील, मामा, आणि मागे मान खाली घातलेली एक मुलगी. हॉलमधली गर्दी पाहून ते दबकले, पण आले आहोत तर बसूनच घेऊ म्हणून पहिल्या रांगेत बसले. काटोलच्या बाईंनी शेजारच्या भरजरी शालूतल्या बाईंना मायेनं विचारलं,

"तुमी बी पोरगं पाहाले आल्या का वं? तुमच्या पोरीचा नंबर कितवा हाय?"

शालूतल्या बाई मेघाच्या आई होत्या.

पुढची पाच-दहा मिनिटं कुणालाच नीट आठवत नाहीत. मेघाचे वडील उठले, मेघाचे काका बसायलाच तयार नव्हते, अंगठी पियुषच्या बोटाच्या पेरावर अडकून राहिली. काटोलच्या मामांनी निरागसपणे फोन काढून दाखवला. "हे पाहा ना जी, मंडळाचंच तर हाय. 'विवाहेच्छुक' लिहून हाय." मेघानं तो फोन हातात घेतला. ती शांत होती, आणि त्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटली. तिनं खाली सरकवत शेवटची ओळ मोठ्यानं वाचली: "शेवटचा बदल, रुपराव बारापात्रे."

सगळा हॉल वळला. रुपरावांच्या तोंडात अख्खा गुलाबजाम होता. निरपराध माणसाला स्वतःची बाजू मांडायला तोंड रिकामं लागतं, हे तत्त्व त्यांना त्या दिवशी कळलं.

साक्षगंध पुढे ढकललं गेलं. मोडलं नाही, पण जोडलंही नाही. संत्री मात्र काटोलकरांनी सौजन्यानं तिथंच ठेवली.

त्यानंतर पुष्पलताबाईंनी रुपरावांशी बोलणं सोडलं. बैठकीत समोरासमोर बसूनही त्या अध्यक्षांमार्फत बोलत. "अध्यक्षमहाराज, त्या संगणक प्रमुखांना विचारा, माझ्या भाच्याचं किती वेळा लग्न लावायचा त्यांचा विचार आहे."

"अध्यक्षमहाराज, त्यांना सांगा की दोष माणसाचा नाही, पद्धतीचा आहे."

"त्यांना विचारा की पद्धत कोणी बसवली."

अध्यक्षांनी उपाय म्हणून ठराव मांडला की दोन व्यक्तींनी एकाच नोंदीत एकाच वेळी हात घालू नये. ठराव एकमतानं मंजूर झाला. त्याचं इतिवृत्त सचिवांनी लिहिलं आणि सहसचिवांनीही लिहिलं, दोन्ही वेगवेगळं निघालं, आणि कोणतं खरं यावर पुढची बैठक खर्ची पडली.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. शेजाऱ्यांपैकी एकानं कम्प्युटरची दिशा बदलायला सांगितली, एकानं फायलीच बऱ्या होत्या असं सांगितलं, आणि एकानं तर आपल्या मुलीची नोंद आधी वर घ्या, मग सल्ला देतो असंही सांगितलं. खजिनदारांचा सल्ला त्यातल्या त्यात शहाणा होता. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढायचा. नोंद उघडली की 'मी उघडून राहिलो', बंद केली की 'मी बंद केली' असं लिहायचं. पहिल्या दिवशी हे झकास चाललं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सुप्रभात म्हटलं. मग गुलाब आले, मधुमेहावर कडू कारल्याचा काढा आला, आणि सचिवांनी 'मी उघडून राहिलो' लिहिल्यावर त्यावर पंचवीस जणांनी हात जोडले. त्या हातांखाली सचिव कधी बंद करून गेले ते दिसलंच नाही.

रुपरावांचा स्वाभिमान आता पेटला होता. त्यांनी कम्प्युटरलाच कडक शिस्त लावली: एक जण लिहीत असला की बाकी सगळ्यांनी फक्त पाहायचं. पहिली पाळी पुष्पलताबाईंनी सकाळी घेतली आणि समाजाचं संपूर्ण शुद्धलेखन हाती घेतलं. दुपार झाली तरी त्या 'क' पासून सुरू होणाऱ्या आडनावांतच होत्या. समाज भवनात बाकीचे पदाधिकारी दवाखान्यातल्या पेशंटांसारखे बाकावर बसून होते. उमरेडहून शाखाप्रमुख धोंडबा उमरेडकर अधूनमधून फोन करत: "रुपरावभाऊ, आमचा नंबर कधी लागन जी?"

शेवटी धोंडबांनीच सुचवलं. "तुमी अख्खी बस काहून अडवून राहिले गा? येष्टीत कसं करतो आपण? एका सीटवर एक रुमाल टाकतो. ज्याचा रुमाल त्याची सीट. बाकीची बस मोकळी."

रुपराव फोनवर बोलता बोलताच उठून उभे राहिले. बरोबर! अख्खं दप्तर कशाला अडवायचं? जी नोंद उघडली तेवढीच अडवायची. त्यांनी तसं केलं. कुणी नोंद उघडली की दुसऱ्याला पडद्यावर दिसे, 'ही नोंद अमक्यांकडे उघडी आहे, थांबा.' कार्यकर्त्यांनी त्याला 'रुमाल' हेच नाव दिलं. आठवडाभर काम असं सुरळीत झालं की अध्यक्षांनी रुपरावांचा नारळ देऊन सत्कार केला आणि पुष्पलताबाईंनीही त्या वेळी टाळ्या वाजवल्यासारखे हात एकमेकांजवळ आणले.

मग धोंडबांच्या मेव्हण्याच्या घरी लग्न निघालं. धोंडबांनी उमरेडच्या शाखेत बसून डझनभर नोंदी एकापाठोपाठ एक उघडल्या, म्हणजे परत आल्यावर वेळ जायला नको, आणि खोलीला कुलूप लावून बालाघाटला गेले. फोन लागेना. डझनभर मुलं-मुली रुमालाखाली अडकली. एकीचा पत्ता बदलला होता, एकाला नोकरी लागली होती, एकीच्या बापाला 'मंगळ आहे' हे तातडीनं 'सौम्य मंगळ आहे' करून हवं होतं. सगळ्यांचे फोन रुपरावांना.

रुपराव येष्टीनं उमरेडला गेले. शाखेची खोली एका सहकारी संस्थेच्या आवारात होती. खिडकीतून आत कम्प्युटर चालू दिसत होता. काचेला नाक लावून त्यांनी पाहिलं, तर पडद्यावर एका उपवर मुलीचा फोटो झळकत होता. नेमके त्याच वेळी संस्थेचे लिपिक मागून आले.

"काय पाहून राहिले जी?"

एका साठीच्या माणसानं बंद खोलीतल्या मुलीचा फोटो का पाहावा, याचं सभ्य उत्तर चटकन सुचत नाही. रुपरावांनी संगणक, नोंद, रुमाल असं सगळं सांगितलं. त्यामुळे लिपिकांचा संशय वाढला.

"कुलूप खोलता नाही येत. अर्ज द्या."

"कोणाले देऊ?"

"शाखाप्रमुखाले. धोंडबाजीले."

"पण धोंडबाजी तर बालाघाटले आहे!"

"मंग आल्यावर द्या," लिपिक समजुतीनं म्हणाले.

विजेचं मीटर मात्र बाहेर व्हरांड्यात होतं. लिपिक चहाला गेले. रुपरावांनी आयुष्यात पहिल्यांदा एक बेकायदा कृत्य केलं. मेन स्विच खाली ओढला. आतला पडदा काळा झाला. विजयी मुद्रेनं ते बसमध्ये बसले, घरी आले, कम्प्युटर लावला. 'ही नोंद धोंडबा उमरेडकर यांच्याकडे उघडी आहे, थांबा.' कम्प्युटर बंद पडला होता, पण सगळ्या नोंदी सांभाळणाऱ्या मध्यवर्ती यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं की धोंडबा उठून गेले. त्याच्या लेखी ते अजून तिथंच बसून होते. रुमाल टाकून माणूस दुसऱ्याच बसनं निघून गेला होता.

मग रुपरावांनी नवा नियम घातला. ठराविक वेळ कुणी काहीच केलं नाही, तर रुमाल आपोआप गळून पडेल. डझनभर जीव सुटले. आणि बालाघाटहून परतलेल्या धोंडबांनी, आपल्या घरच्या लॅपटॉपवर जाण्याआधीपासून उघडी ठेवलेली एक नोंद शांतपणे जतन केली. मधल्या काळात तिच्यात झालेल्या सगळ्या दुरुस्त्या पुसून मुलीचा मंगळ पुन्हा कडक झाला.

रुपरावांनी त्या दिवशी जेवताना पोळी मोडली, पण खाल्ली नाही. "मी राजीनामा देऊन राहिलो," ते म्हणाले.

"द्या," गोपिकाबाई म्हणाल्या. "पण रविवारनंतर. रविवारी मी पुष्पलताबाईले जेवायले बोलावलं. पियुष आणि मेघा बी येणार हाय. एका घरात बसून सावजी रस्सा खाल्ला की माणसाचा राग घामावाटे निघून जाते."

रविवारी मटणाचा रस्सा गोपिकाबाईंच्या हातचा होता, पण मसाला रुपरावांनी भाजला होता आणि त्या अधिकारानं त्यांचं स्वयंपाकघरात येणं-जाणं चालू होतं. त्यांनी रस्सा चाखला. मीठ कमी. घालणार तोच फोन वाजला. कुणाच्या तरी मंगळाचं होतं. बोलणं आटोपून ते परत आले आणि मघाच्या अंदाजानं मुठीनं मीठ घालून मोकळे झाले.

पाहुणे जेवायला बसले. पुष्पलताबाईंनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पियुषच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटानं नव्हतं. मेघानं हळूच ताट पुढे सरकवलं.

"अगं बाई, मी तर मीठ बरोबर टाकलं होतं!" गोपिकाबाई म्हणाल्या.

"तू कधी टाकलं? मी चाखलं तवा कमी होतं!"

"तुमी फोनवर होते तवा टाकलं."

"मी मघाशी चाखून ठेवलं होतं ना!"

"मघाशी!" गोपिकाबाईंचा आवाज चढला. "अजी, मघाशी चाखलेल्यावर आता मीठ टाकते का कोणी? टाकायच्या आधी एकदा पुन्हा चाखून पाहावं की नाही, कोणी मधात टाकलं काय म्हणून?"

रुपराव पाटावरून उठले. हात खरकटा, डोळे मोठे. गोपिकाबाईंना वाटलं आपण पाहुण्यांसमोर जास्त बोललो. पण रुपराव त्यांच्याकडे पाहतच नव्हते.

"पुन्हा चाखायचं," ते म्हणाले. "जतन करायच्या आधी पुन्हा चाखायचं! रुमाल पडो, नाही पडो. नोंद उघडली तवा कशी होती आणि आता कशी आहे, हे कम्प्युटरनं जतन करायच्या क्षणाले ताडून पाहायचं. मधात कोणी मीठ टाकलं असन तर थांबवायचं. म्हणायचं, बाबारे, हे पाहा त्यांनी काय टाकलं, हे पाहा तू काय टाकून राहिला. दोन्ही शेजारी-शेजारी. मंग ठरव!"

ताटं तशीच होती. पुष्पलताबाई किती दिवसांनी थेट त्यांच्याशी बोलल्या. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही पियुषची उंची लिहिली, तर तुम्हाला 'लग्न ठरले' दिसलं असतं?"

"दिसलं असतं. आणि मी तुमच्या भाच्याले बाजारात आणला नसता."

पुष्पलताबाईंनी तांब्या खाली ठेवला. पण बोलली मेघा. "काका, एक इचारू? माझ्या नवऱ्याची नोंद तुमी लिहिली, मावशीनं सुधारली, काटोलवाल्यांनी वाचली. त्याले कोणी इचारलं का? ज्याची नोंद हाय त्यालेच ती दुरुस्त करता आली पाहिजे. तेवढं करून द्या, मी त्याच आठवड्यात अंगठी घालते."

पियुषनं चमकून तिच्याकडे पाहिलं. 'माझ्या नवऱ्याची' हे शब्द त्यानं बरोबर ऐकले होते. त्या आनंदात त्यानं तो खारट रस्सा पुन्हा वाढून घेतला, आणि त्यानंतर त्याच्या प्रेमाबद्दल कुणालाही शंका उरली नाही.

रुपरावांनी ते करून दिलं. मेघानं अंगठी घातली. पुष्पलताबाई आणि रुपराव समाज भवनात समोरासमोर बसून मुद्दाम एकच नोंद उघडत, मुद्दाम भांडण लावत, आणि यंत्र दोघांनाही थांबवतं का ते पाहत. ते थांबवायचं. एकदा रुपरावांनी 'पशुधन' लिहिलं आणि बाईंनी 'डॉक्टर' लिहिलं. दोन्ही शब्द पडद्यावर शेजारी-शेजारी उभे राहिले. मग बाई म्हणाल्या, "गुरांचे डॉक्टर, असं लिहा. स्वच्छ आहे." रुपरावांनी मान हलवून ते लिहिलं.

मेळाव्याला अख्खा मांडव भरला. नागपूर, उमरेड, सावनेर, शिवाय शेजारच्या दोन-तीन समाजांच्या मंडळांचे प्रतिनिधीही आले होते, कारण रुमाल आणि मिठाची कीर्ती तोवर दूरवर गेली होती. अध्यक्षांनी मोठा पडदा लावून घेतला आणि जाहीर केलं की संगणक प्रमुख प्रात्यक्षिक दाखवतील.

रुपराव नव्या कोटात मंचावर गेले. त्यांनी आणि पुष्पलताबाईंनी सगळं ठरवलं होतं. ते हर्षाची नोंद उघडतील, दुसऱ्या टेबलावरून बाई तीच नोंद उघडून शिक्षणात एक शब्द वाढवतील, आणि रुपराव जतन करायला गेले की यंत्र त्यांना अडवेल. रुमालाची सोय प्रात्यक्षिकापुरती बंद ठेवली होती. "पाहा मंडळी," रुपराव माइकवर म्हणाले, "ही माझी स्वतःची मुलगी." त्यांनी नोंद उघडली. 'अपेक्षा' या रकान्यात त्यांनीच पूर्वी लिहिलेलं होतं: मुलगा उच्चपदस्थ, निर्व्यसनी, नागपुरात स्वतःचे घर. सगळ्यांच्या देखत त्यांनी त्यापुढे 'व चारचाकी' जोडलं. मग सावकाश, बाईंना वेळ मिळावा म्हणून, एक घोट पाणी प्यायले, आणि जतनाचं बटण दाबलं.

पडदा थांबला. ठरल्यासारखाच थांबला. पण त्यावर पुष्पलताबाईंचं नाव नव्हतं.

'तुम्ही उघडल्यानंतर ही नोंद हर्षा बारापात्रे यांनी बदलली आहे.'

डाव्या बाजूला हर्षाचं, उजव्या बाजूला बापाचं. मांडवभर माणसांनी डावी बाजू वाचली. 'मी रोज गोठ्यात जाते. संध्याकाळी घरी येते तेव्हा अंगाला शेणाचा आणि औषधाचा वास असतो. ज्याला चालेल त्यानं बोलायला यावं. घर आणि गाडी दोघं मिळून पाहू.' खाली प्रश्न होता: 'कोणतं ठेवायचं?'

बायकांच्या बाजूनं आधी कुणीतरी हसलं. मग टाळी पडली, मग दुसरी. रुपरावांचे कान लाल झाले. स्वतःच्या यंत्रानं, स्वतःच्या कोटात, अख्ख्या समाजापुढे त्यांना अडवलं होतं. त्यांनी मांडवात हर्षाला शोधलं. ती मागच्या खांबाला टेकून उभी होती. हातात फोन. ती हसत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. बापाकडे सरळ पाहत होती, आणि वाट पाहत होती.

"संगणक प्रमुख," दुसऱ्या टेबलावरून पुष्पलताबाईंचा आवाज आला, वर्गात येतो तसा. "ठरवा. लोक थांबलेत."

रुपरावांनी पुन्हा एकदा डावी बाजू वाचली. या वेळी वडील म्हणून नाही, वाचणारा म्हणून. मजकूर चांगला होता. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आपण एवढ्या वर्षांत तिच्याबद्दल असं एक वाक्य लिहू शकलो नसतो, हे त्यांना दिसलं, आणि का कोण जाणे, त्यांची मान ताठ झाली.

"डावं," ते माइकवर म्हणाले, आणि बटण दाबलं.

मांडवानं जी टाळी वाजवली ती पुढच्या चौकापर्यंत ऐकू गेली म्हणतात. हे सगळं ठरवूनच केलं असा अध्यक्षांचा समज झाला आणि त्यांनी "काय नमुना निवडला रुपरावजींनी!" असं म्हणून दुसरा नारळ दिला. शेजारच्या समाजांचे प्रतिनिधी मंचाजवळ येऊन आम्हालाही हेच करून द्या म्हणू लागले. धोंडबा सगळ्यांना सांगत होते की मुळात रुमाल त्यांचा होता. आपापली 'अपेक्षा' स्वतः लिहायला मुला-मुलींची टेबलांपुढे रांग लागली, आणि दिवसभर समाज भवनातून, उमरेडहून, सावनेरहून, शेकडो फोनांवरून एकाच वेळी सगळे लिहीत राहिले. एकाचाही शब्द दुसऱ्याखाली गेला नाही.

जेवणाच्या वेळी एक उंच, सावळा मुलगा हर्षासमोर येऊन उभा राहिला. अभिजीत धकाते, भिवापूर रस्त्यावर त्याच्या म्हशी होत्या आणि दुधाचा धंदा होता. "मी ते वाचलं," तो म्हणाला. "वासाचं म्हणाल तर, मले आता तो येतच नाही."

"म्हशींना लाळ्या-खुरकुताची लस दिली का?" हर्षानं विचारलं.

"दिली. पण एकीचा खूर बरा होऊन नाही राहिला."

"कोणत्या पायाचा?"

दोघं ताटं घेऊन बाजूच्या खुर्च्यांवर बसली आणि खुराबद्दल बोलू लागली. रुपरावांनी दुरून पाहिलं. कोट सारखा केला, घसा साफ केला आणि घर स्वतःचं आहे का, एवढंच विचारावं म्हणून ते निघाले.

गोपिकाबाईंनी त्यांच्या कोटाची बाही धरली.

"अजी, नोंद उघडी हाय तिकडं," त्या म्हणाल्या. "थांबा."

रुपराव थांबले.